दहा आठवडे वार्धक्याचे

अमेरिकेत वैद्यकीय शिक्षण पदवीनंतर सुरू होते आणि चार वर्षे चालते. या चार वर्षांत विद्यार्थ्याच्या वाट्याला पूर्ण मोकळा असा उन्हाळा बहुधा एकच येतो, तो पहिले वर्ष संपल्यावरचा. पुढे परवान्याच्या परीक्षा, वॉर्डांतील नेमणुका आणि निवासी डॉक्टर म्हणून जागा मिळवण्याची खटपट यांत सुट्टी नावापुरतीच उरते, आणि अलीकडे अनेक विद्यापीठांनी वर्गातले शिक्षण दोन वर्षांवरून दीड वर्षावर आणल्यामुळे हा एकुलता उन्हाळाही आखूड होत चालला आहे. साहजिकच या दोन-अडीच महिन्यांवर सगळ्याच शाखांचा डोळा असतो, कारण विद्यार्थ्याने पहिला संशोधन प्रकल्प ज्या विभागात केला, त्या विभागाशी जुळलेले नाते पुढे अनेकदा टिकते. हृदयरोग, कर्करोग किंवा अस्थिशल्यचिकित्सा या शाखांना विद्यार्थी शोधत फिरावे लागत नाही. वार्धक्याच्या अभ्यासाला मात्र ते शोधावे लागतात, आणि १९९४ साली ‘अमेरिकन फेडरेशन फॉर एजिंग रिसर्च’ व ‘जॉन ए. हार्टफर्ड फाउंडेशन’ या दोन संस्थांनी मिळून सुरू केलेली, पुढे ‘मेडिकल स्टुडंट ट्रेनिंग इन एजिंग रिसर्च’ किंवा थोडक्यात ‘एमस्टार’ या नावाने ओळखली गेलेली उन्हाळी प्रशिक्षण योजना ही या शोधाचीच एक पद्धत होती.

योजनेची बांधणी साधी आहे. निवड झालेला विद्यार्थी आठ ते बारा आठवडे एखाद्या अनुभवी संशोधकाच्या हाताखाली वार्धक्याशी संबंधित एक छोटा प्रकल्प करतो, त्याच्या जोडीने संशोधनपद्धतीचे वर्ग असतात, वृद्ध रुग्णांच्या बाह्यरुग्ण विभागात, शुश्रूषागृहात किंवा घरभेटीत डॉक्टरांबरोबर जाणे असते, आणि शेवटी निष्कर्ष मांडावे लागतात. अनेक जण ते पुढच्या वर्षी अमेरिकन जेरियाट्रिक्स सोसायटीच्या वार्षिक अधिवेशनात भित्तिपत्रकाच्या रूपाने मांडतात. स्वतःच्या महाविद्यालयात असा विभाग नसेल तर जॉन्स हॉपकिन्स किंवा लॉस एंजेलिसचे कॅलिफोर्निया विद्यापीठ यांसारख्या प्रशिक्षण केंद्रांकडे जाण्याची सोय ठेवलेली होती, आणि ही सोय महत्त्वाची होती, कारण ज्या महाविद्यालयात जराचिकित्सेचा, म्हणजे जेरियाट्रिक्सचा, नावाजलेला विभाग नाही तेथील विद्यार्थ्याला हा विषय अस्तित्वात आहे हेही अनेकदा ठाऊक नसते. योजनेच्या खर्चाचा मोठा भार पुढे केंद्र सरकारच्या ‘नॅशनल इन्स्टिट्यूट ऑन एजिंग’ने उचलला. अशा अल्पमुदतीच्या प्रशिक्षणासाठी विद्यापीठांना दिल्या जाणाऱ्या अनुदानाला तेथे ‘टी-३५’ म्हणतात, आणि त्यातून मिळणारे विद्यावेतन सरकारी दराने ठरते: २०२४ साली हा दर वर्षाला २८,२२४ डॉलर, म्हणजे महिन्याला सुमारे २,३५० डॉलर होता. ज्या देशात कर्ज काढून डॉक्टर होणाऱ्यांपैकी निम्म्यांच्या डोक्यावर पदवी घेताना सुमारे दोन लाख डॉलर किंवा त्याहून अधिक कर्ज असते, तेथे ही रक्कम फार नाही. पण ती नसती तर उन्हाळा संशोधनाला देणे फक्त सुखवस्तू घरांतील मुलांनाच परवडले असते.

वृद्धांसाठी वेगळी वैद्यकशाखा हवी, हा विचार अमेरिकेत जुना असला तरी तो रुजायला वेळ लागला. व्हिएन्नात जन्मलेल्या आणि न्यूयॉर्कमध्ये व्यवसाय करणाऱ्या इग्नाट्झ नॅशर यांनी १९०९ साली या शाखेला नाव दिले, परंतु तिला रुग्णालयात खरी जागा मिळवून दिली ती ब्रिटनमधील मार्जरी वॉरन यांनी, ज्यांच्याकडे १९३५ साली लंडनच्या पश्चिमेकडील एका जुन्या निराश्रितगृहाच्या रुग्णालयातील शेकडो खाटांची जबाबदारी आली. कायमचे अंथरुणाला खिळलेले म्हणून वर्षानुवर्षे सोडून दिलेल्या त्या रुग्णांची वॉरन यांनी एकेक करून तपासणी केली, त्यांची वर्गवारी केली, त्यांना उठवून बसवले, चालवले, आणि त्यांतील कित्येकांना घरी पाठवले. रुग्ण म्हातारा आहे हे निदान होऊ शकत नाही, हा या शाखेचा पाया त्या कामातून घातला गेला, आणि १९४८ साली ब्रिटनमध्ये सार्वजनिक आरोग्यसेवा सुरू झाल्यावर तेथे जराचिकित्सेला स्वतंत्र स्थान मिळाले.

अमेरिकेत हे काम रॉबर्ट बटलर या मनोविकारतज्ज्ञांच्या नावाशी जोडले गेले आहे. न्यू जर्सीत आजी-आजोबांकडे वाढलेल्या बटलर यांना वैद्यकीय महाविद्यालयात वृद्ध रुग्णांविषयी जी तुच्छतेची भाषा ऐकू येई तिने धक्का बसला होता, आणि वयामुळे माणसाला कमी लेखण्याच्या या वृत्तीला त्यांनी १९६०च्या दशकाच्या अखेरीस वंशभेदाच्या धर्तीवर नाव दिले. १९७४ साली ‘नॅशनल इन्स्टिट्यूट ऑन एजिंग’ स्थापन झाल्यावर तिचे पहिले संचालक तेच झाले. १९७६ साली अमेरिकेतील वृद्धांच्या स्थितीवरील त्यांच्या ग्रंथाला पुलित्झर पुरस्कार मिळाला. आणि १९८२ साली न्यूयॉर्कच्या माउंट सिनाई वैद्यकीय महाविद्यालयात जराचिकित्सेचा पूर्ण विभाग, त्या देशातील पहिला, त्यांच्या नेतृत्वाखाली उभा राहिला. बटलर यांचे म्हणणे पैशांच्या टंचाईपेक्षा दृष्टीच्या टंचाईविषयी अधिक होते, आणि उन्हाळी प्रशिक्षणाचे मोल जोखताना त्यांचे हेच म्हणणे जास्त उपयोगी पडते.

याचे कारण वैद्यकीय विद्यार्थ्याला म्हातारा माणूस कोठे भेटतो यात आहे. तो भेटतो तो रुग्णालयाच्या खाटेवर, आजार सर्वांत वाईट टप्प्यावर असताना, आणि बहुधा कोणत्या तरी एका अवयवाचा रोगी म्हणून. बाजारातून पिशवी घेऊन येणारी, पाच औषधे रोज घेऊनही नातवंडे सांभाळणारी ऐंशी वर्षांची बाई त्याच्या नजरेस पडत नाही. त्यामुळे वार्धक्य म्हणजे ऱ्हास, आणि त्यावर करण्यासारखे फारसे काही नाही, असा समज पुस्तकातून नाही तरी वॉर्डातून पक्का होत जातो. संशोधनाचा उन्हाळा हा क्रम उलटा करतो, कारण मोजमाप करायचे म्हटले की निरोगी, अर्धवट आजारी आणि खूप आजारी अशा सर्व प्रकारच्या वृद्धांची माहिती एकत्र समोर ठेवावी लागते, आणि ती ठेवली की एकाच वयाची माणसे एकमेकांपासून किती वेगळी असतात हे आकड्यांत दिसू लागते.

या मोजमापांची परंपरा विद्यार्थ्याला मिळणाऱ्या सर्व गोष्टींत सर्वांत मोलाची म्हणावी लागेल. १९६३ साली क्लीव्हलँडमधील सिडनी कॅट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अंघोळ, कपडे घालणे, शौचाला जाणे, खाटेवरून उठून खुर्चीत बसणे, मलमूत्रावर ताबा आणि स्वतःच्या हाताने जेवणे या सहा कृतींची एक मोजपट्टी प्रसिद्ध केली. खुब्याचे हाड मोडलेल्या व इतर दीर्घकाळ आजारी वृद्धांचे निरीक्षण करताना त्यांना असे आढळले होते की या क्षमता ठराविक क्रमाने परत येतात, आणि तो क्रम मूल ज्या क्रमाने त्या शिकते त्याच्याशी बराच जुळतो. रोगाचे नाव न घेता माणूस काय करू शकतो एवढेच विचारणारी ही मोजपट्टी आज साठ वर्षांनंतरही जगभर वापरात आहे. चालण्याच्या वेगाचेही तसेच. २०११ साली स्टेफनी स्टुडेन्स्की आणि सहकाऱ्यांनी नऊ दीर्घकालीन पाहण्यांतील ६५ वर्षांवरील ३४,४८५ व्यक्तींची माहिती एकत्र करून दाखवले की नेहमीच्या चालीने चालण्याचा वेग आणि पुढील आयुष्य यांचा जवळचा संबंध आहे. सेकंदाला सुमारे ०.८ मीटर वेग असणाऱ्यांचे उरलेले आयुष्य त्यांच्या वयाच्या व लिंगाच्या सरासरीइतके असते, आणि त्याहून जलद चालणाऱ्यांचे त्यापेक्षा अधिक. म्हणजे चार मीटरची मोकळी जागा आणि एक स्टॉपवॉच एवढ्या साधनांवर पुढील आयुष्याचे बरेचसे अनुमान करता येते, आणि तरीही बहुसंख्य दवाखान्यांत रुग्ण दारातून खुर्चीपर्यंत येईतो डॉक्टर संगणकाकडे पाहत असतो.

‘फ्रेल्टी’ ही संकल्पना याच परंपरेतली. मराठीत तिला जर्जरता म्हणता येईल, परंतु येथे ती वर्णनापुरती न राहता मोजता येण्याजोगी अवस्था होते. लिंडा फ्रीड आणि सहकाऱ्यांनी २००१ साली तिचे पाच निकष ठरवले: प्रयत्न न करता वर्षभरात दहा पौंड किंवा अधिक वजन घटणे, सतत थकवा जाणवणे, हाताची पकड दुबळी होणे, चाल मंदावणे आणि शारीरिक हालचाल कमी होणे. यांपैकी तीन किंवा अधिक असतील तर ती व्यक्ती जर्जर, एक किंवा दोन असतील तर जर्जरतेच्या उंबरठ्यावर. ज्या पाहणीवर हे निकष बेतले होते तीत ६५ वर्षांवरील ५,३१७ लोक होते आणि त्यांतील सुमारे ७ टक्के जर्जर ठरले. उरलेल्यांत त्याच वयाची कितीतरी माणसे मुळीच जर्जर नव्हती. ऐंशीव्या वर्षी शस्त्रक्रिया करावी की नाही, हा प्रश्न यानंतर निव्वळ वयावर सोडवणे अशास्त्रीय ठरते, आणि म्हणूनच आज शल्यचिकित्सा किंवा कर्करोग विभागात जाणाऱ्या विद्यार्थ्यालाही ही मोजणी यावी लागते.

दुसरा समृद्ध विषय डिलिरियमचा. इस्पितळात दाखल झालेली वृद्ध व्यक्ती एकाएकी भांबावते, नातेवाइकांना ओळखत नाही, रात्री उठून सलाइनची नळी ओढते. आपल्याकडे घरोघरी याला ‘वात झाला’ म्हणत आणि तो वयाचा भाग समजून सोडून देत. शॅरन इनोये यांनी १९९० साली प्रसिद्ध केलेल्या पद्धतीत चार लक्षणे पाहिली जातात: बदल अचानक झाला असून दिवसभरात कमीजास्त होतो का, लक्ष एका जागी टिकते का, विचार विस्कळीत आहेत का, आणि जागेपणाची पातळी बदलली आहे का. पहिली दोन लक्षणे आणि उरलेल्या दोहोंपैकी एक असेल तर निदान होते. वर्षाचे महिने उलट क्रमाने म्हणायला लावणे ही लक्ष तपासण्याची एक सोपी रीत. याहून महत्त्वाचा त्यांचा १९९९ सालचा, येल येथील ८५२ रुग्णांवरील अभ्यास होय, ज्यात चष्मा व श्रवणयंत्र हाताशी ठेवणे, पुरेसे पाणी पाजणे, दिवसातून अनेकदा उठवून चालवणे, तारीख-वाराची आठवण देणे, झोपेच्या गोळीऐवजी कोमट दूध देऊन पाठ चोळणे अशा उपायांनी डिलिरियमचे प्रमाण १५ टक्क्यांवरून ९.९ टक्क्यांवर आले. यांतील बरेचसे काम प्रशिक्षित स्वयंसेवकांनी केले होते. वैद्यकाच्या पहिल्या वर्षात रेणू आणि ग्राही पाठ केलेल्या विद्यार्थ्याला पाठ चोळण्याचा परिणाम संख्याशास्त्राने सिद्ध करता येतो हे कळणे, हा एक स्वतंत्र संस्कारच आहे.

वृद्धांनी शक्यतो टाळावीत अशा औषधांची मार्क बीअर्स यांनी १९९१ साली केलेली यादी, जी आजही वेळोवेळी सुधारली जाते, हीदेखील अशा छोट्या प्रकल्पांना सोयीची आहे, कारण रुग्णालयाच्या नोंदी आणि यादी शेजारी ठेवून कोणाला किती अपायकारक औषधे लिहिली गेली हे थोड्या दिवसांत काढता येते.

थोड्या दिवसांचे हे बंधन विषयाच्या निवडीवर किती परिणाम करते याची चर्चा मात्र योजनेच्या गौरवपर वर्णनांत कमी आढळते. दहा आठवड्यांत नैतिकता समितीची परवानगी मिळवून, नवे रुग्ण जमवून, त्यांचा पाठपुरावा करणे अशक्य असल्याने बहुतेक विद्यार्थी आधीच जमवलेल्या माहितीवर काम करतात: मिशिगन विद्यापीठाची १९९२ पासून चालू असलेली ‘हेल्थ अँड रिटायरमेंट स्टडी’, २०११ साली सुरू झालेली वृद्धांच्या दैनंदिन क्षमतांची राष्ट्रीय पाहणी, किंवा बाल्टिमोरमधील १९५८ पासूनची वार्धक्याची पाहणी. ही तडजोड वाईट नाही, कारण जुनी माहिती तपासताना तिच्यातली छिद्रेही दिसतात. बाल्टिमोरच्या पाहणीत पहिली वीस वर्षे फक्त पुरुषच होते आणि स्त्रियांचा समावेश १९७८ साली झाला, ही गोष्ट संशोधनातील पूर्वग्रहाविषयी एखाद्या व्याख्यानमालेपेक्षा अधिक शिकवून जाते. प्रयोगशाळेत काम करणाऱ्यांची गोष्ट गमतीची आहे. ‘सी. एलिगन्स’ नावाचा सूक्ष्म गोलकृमी दोन-तीन आठवडे जगतो, आणि त्यातील एका जनुकातील बदलाने त्याचे आयुष्य दुपटीहून अधिक होते हे सिंथिया केन्यन यांच्या गटाने १९९३ साली दाखवले. तेव्हा या कृमीच्या तीन-चार पिढ्या जन्मापासून मरणापर्यंत एका उन्हाळ्यात पाहता येतात, पण खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर एक आजोबा पुन्हा स्वतःच्या पायांनी जिना चढतात का, हे पाहायला तो उन्हाळा पुरत नाही. उंदरांच्या प्रयोगांचेही तसेच: ६०० दिवसांच्या, म्हणजे माणसाच्या हिशेबाने साठीच्या आसपासच्या उंदरांना रॅपामायसिन हे औषध दिल्यास ते अधिक जगतात, हा २००९ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष तीन प्रयोगशाळांनी वर्षानुवर्षे केलेल्या कामाचे फळ होता, आणि उन्हाळी विद्यार्थी अशा कामात फार तर एक कडी जोडतो.

योजनेचा जाहीर हेतू जराचिकित्सेकडे आणि वार्धक्याच्या संशोधनाकडे माणसे वळवण्याचा होता, आणि या कसोटीवर चित्र उत्साहवर्धक नाही. अमेरिकेच्या ‘इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिन’ने २००८ साली दिलेल्या अहवालानुसार तेव्हा देशात या शाखेचे प्रमाणित तज्ज्ञ सुमारे ७,१०० होते, तर २०३० सालासाठी ३६,००० लागतील असा अंदाज होता, आणि २०२० च्या जनगणनेत ६५ वर्षांवरील लोकसंख्या ५ कोटी ५८ लाखांवर गेली असताना या शाखेच्या प्रशिक्षणाच्या जागा मात्र रिकाम्या राहतात. कारण गूढ नाही. अंतर्गत वैद्यक किंवा कुटुंबवैद्यक पूर्ण केल्यावर आणखी एक वर्ष शिकून जराचिकित्सक होणाऱ्याची मिळकत वाढण्याऐवजी अनेकदा घटते, कारण तासभर बोलून औषधे कमी करण्याला विमा जे पैसे देतो ते दुर्बीण घालण्याच्या किंवा झडप बसवण्याच्या पैशांपुढे किरकोळ असतात. कर्जाचे हप्ते समोर असलेल्या तरुणाला एका उन्हाळ्याची ओढ या हिशेबावर मात करायला लावील, ही अपेक्षा भाबडी होती. योजनेतून गेलेल्यांपैकी किती जण पुढे या शाखेत राहिले, हे मोजूनही फारसे सिद्ध होत नाही, कारण अर्ज करणारे विद्यार्थी मुळातच या विषयाकडे झुकलेले असतात आणि उन्हाळा मिळाला नसता तरी त्यांतील काही जण तेथेच पोहोचले असते.

या योजनेचे खरे फळ जराचिकित्सेच्या बाहेर शोधावे, हे मत म्हणूनच अधिक टिकाऊ वाटते. अमेरिकेत २००९ साली प्रसिद्ध झालेल्या, पदवी घेणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला याव्याच अशा २६ क्षमतांच्या यादीतही हीच भूमिका आहे: औषधांची पारख, स्मृती व आकलनाची तपासणी, पडण्याचा धोका, आणि वृद्धांमध्ये रोग नेहमीच्या लक्षणांशिवाय येतो याचे भान, म्हणजे छातीत न दुखता येणारा हृदयविकाराचा झटका किंवा तापाशिवाय होणारा जंतुसंसर्ग. नेत्रतज्ज्ञ, भूलतज्ज्ञ किंवा अस्थितज्ज्ञ झालेल्या व्यक्तीने एकदा दहा आठवडे चालण्याचा वेग मोजला असेल, तर तिच्याकडे येणाऱ्या वृद्धांचा लाभ कोणत्याही शाखाप्रवेशाच्या आकडेवारीत दिसणार नाही, पण तो होतो.

भारतात याच्याशी मिळतीजुळती सोय आधीपासून आहे, मात्र ती वार्धक्यापुरती नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची अल्पमुदतीची विद्यार्थी शिष्यवृत्ती, जिला महाविद्यालयांत ‘एसटीएस’ म्हणतात, १९७९ पासून चालू आहे. एमबीबीएसचा विद्यार्थी मार्गदर्शक शोधून प्रस्ताव पाठवतो, तो मंजूर झाल्यास दोन महिने काम करतो, आणि अहवाल स्वीकारला गेल्यावर प्रमाणपत्र व विद्यावेतन मिळते. हे सर्व लेक्चर, पोस्टिंग आणि परीक्षा सांभाळून करावे लागते, कारण अमेरिकी विद्यार्थ्यासारखा मोकळा उन्हाळा येथे नाही. जराचिकित्सेचे पदव्युत्तर शिक्षण देशात प्रथम चेन्नईच्या मद्रास मेडिकल कॉलेजात १९९६ साली सुरू झाले, वृद्धांच्या आरोग्यसेवेचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१० साली आला, तरीही बहुसंख्य वैद्यकीय महाविद्यालयांत असा स्वतंत्र विभाग नसल्यामुळे वार्धक्यावरचा प्रस्ताव सहसा जनवैद्यक विभागाच्या आश्रयाने जातो.

मोजपट्ट्या मात्र जशाच्या तशा उचलून चालत नाही. स्मृती तपासण्याची १९७५ सालची प्रसिद्ध अमेरिकी चाचणी वाचता-लिहिता येते हे गृहीत धरते, म्हणून हरियाणातील बल्लभगड येथे झालेल्या भारत-अमेरिका संयुक्त अभ्यासात निरक्षर वृद्धांसाठी तिचे हिंदी रूप तयार करावे लागले, ज्यात लिहिलेली सूचना वाचून डोळे मिटण्याऐवजी तपासणारा जे करतो तेच करून दाखवायचे असते. अशा रुजवणीनंतरच भारतातील ६० वर्षांवरील लोकांत स्मृतिभ्रंशाचे प्रमाण ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसे, असा अंदाज २०२३ साली प्रसिद्ध होऊ शकला. तो ज्या व्यापक पाहणीच्या आधारे निघाला, ती ‘लाँजिट्युडिनल एजिंग स्टडी इन इंडिया’ मुंबईत देवनार येथील आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने हाती घेतली. तिच्या पहिल्या फेरीत ४५ वर्षांवरील ७२ हजारांहून अधिक लोकांची पकडशक्ती, चाल, तोल, आजार आणि पडण्याच्या घटना नोंदल्या गेल्या, आणि ही माहिती अर्ज करणाऱ्या अभ्यासकांना उपलब्ध आहे. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात ९.९ टक्के आणि गोव्यात ११.२ टक्के लोक साठीपुढचे होते. मराठी मुलखातील चालीचा वेग आणि पडून हाड मोडणे यांचा संबंध तपासायला एसटीएसच्या विद्यार्थ्याला त्यामुळे एकही नवा रुग्ण शोधावा लागणार नाही. अडते ते मार्गदर्शकापाशी, कारण मोठ्या पाहणीच्या माहितीचे विश्लेषण शिकवू शकणारा आणि त्याच वेळी वृद्ध रुग्ण तपासणारा अध्यापक बहुतेक महाविद्यालयांत अजून नेमलेलाच नाही.